भिकूबाई सदनाची पाटी

भाऊ पेंडुरकरांच्या आईला तिसऱ्या मजल्यावर ओल आली होती, त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे नोकरीला लागले. पहिल्या दिवशी ऑफिसात गेले तेव्हा बुकिंगचं काम बघणारे दळवी फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आईचं नंतर बघू हो. आधी वैशालीचं प्लास्टर सुटलंय ते आटपू द्या. आणि वहिनींची टाकी सकाळपासून भरून वाहतेय, प्लंबर तिकडे गेलाय." एवढं बोलून त्यांनी शांतपणे बटाटावड्याचा घास घेतला. घरातल्या बायकांवर एवढं आभाळ कोसळलेलं असताना या माणसाच्या घशाखाली वडा कसा उतरतो, या विचारात मी खुर्चीच्या कडेवर बसून राहिले.

नंतर उलगडा झाला. ऐंशीच्या दशकात बोरिवलीत जो उठेल तो बिल्डर बिल्डिंग बांधत होता आणि बिल्डिंगला घरातल्या माणसांची नावं देत होता. पहिली बिल्डिंग आईच्या नावाची, दुसरी बायकोच्या, मग मुलं. घरातली माणसं संपली की देव. स्टेशनपासून चारकोपकडे चालत गेलं तर वाटेत कुणाला किती मुली आणि कुणाचं दुसरं लग्न, सगळं पाट्यांवर वाचायला मिळायचं. भाऊंची तोवर पार्वती निवास, सुलभा सदन आणि वैशाली एवढी माणसं उभी राहिली होती, रूपाली उभी राहत होती. रूपालीला लिफ्ट मिळणार होती, वैशालीला नव्हती, आणि त्यावरून घरात दोन्ही मुली एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. वर्गात मुलगी मी एकटीच. साईट सुपरवायझर म्हणजे काय, असं मला लग्नाच्या बाजारात फार विचारायचे. नकाशात जे आहे तेच जमिनीवर उभं राहतंय का, सळई जेवढी सांगितली तेवढी पडतेय का, गोणीतलं सिमेंट काँक्रीटमध्येच जातंय की आणखी कुठे, हे बघायचं. थोडक्यात, दिवसभर उन्हात उभं राहून लोकांवर संशय घ्यायचा. हे ऐकल्यावर बरीच स्थळं आपोआप गळायची, ते बरंच झालं.

भाऊ मूळचे मालवणकडचे, वाढलेले परळच्या चाळीत. आधी गवंडी, मग छोटी कंत्राटं, मग बिल्डर. त्यांचा जीव तीन गोष्टींत होता: कुटुंब, समाजसेवा आणि बाजाची पेटी. कुठल्याही माणसात हे गुण असावेतच. फक्त तो माणूस आपला मालक नसावा, कारण भाऊंचे तिन्ही गुण माझ्या साईटवर येऊन सांडायचे.

समाजसेवेचं सांगते. दहिसरपासून कांदिवलीपर्यंत कुणीही गेलं की भाऊ तिथे सगळ्यात आधी हजर. नुसते नाही, तिरडीचे दोन बांबू घेऊन. बांबू अर्थात माझ्या साईटवरचे. बाहेरून प्लास्टर करायला बांबूंची परांची बांधतात, तिच्यावर उभा राहून गवंडी काम करतो. एके दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावरून यल्लप्पा गवंडी ओरडला, "बाई, मेरे नीचे का बांबू किधर गया?" मी धावत गेटवर आले तर भाऊ दोन बांबू टेम्पोत चढवत होते.

"भाऊ, त्या बांबूवर माणूस उभा आहे."

"उभा आहे ना? मग तो थांबेल," भाऊ म्हणाले. "हा आडवा झालाय."

टेम्पो गेला. मी यल्लप्पाला खिडकीतून आत घेतला आणि त्या दिवसापासून वीस जादा बांबू आणून त्यांवर लाल रंगाने 'समाजसेवा' असं लिहून ठेवलं. भाऊंना ती कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती चार लोकांना आपलीच म्हणून सांगितली.

पेटीची तऱ्हा निराळी. स्लॅब टाकायचा दिवस हा आमच्या धंद्यात लग्नासारखा असतो. एकदा सुरू केला की संपेपर्यंत थांबायचं नाही. मधे थांबलं तर आधीचं काँक्रीट घट्ट होतं, नवं त्याच्याशी एकजीव होत नाही आणि त्या सांध्यातून पुढे जन्मभर पाणी गळतं. म्हणून मजुरांची रांग लावायची आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर जात राहायची. मजुरांना हुरूप यावा म्हणून भाऊ रेतीच्या ढिगावर सतरंजी टाकून पेटी वाजवायचे. अडचण एवढीच की मजूर तालावर घमेली फिरवायचे, आणि भाऊंना संथ चालींची आवड. भाऊ डोळे मिटून आळवायला लागले की घमेली हवेत तरंगायची आणि खाली मिक्सर तुंबून राहायचा. "भाऊ, जरा उडत्या चालीचं घ्या ना," म्हणून मी हात जोडायचे.

रूपालीच्या शेवटच्या स्लॅबला भाऊंची तंद्री लागली आणि त्यांनी अर्ध्यातच भैरवी सुरू केली. आमचे मजूर जालन्याकडचे, सगळे भजनातले. भैरवी झाली की कार्यक्रम संपला हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी घमेली उपडी घातली आणि नळावर पाय धुवायला गेले. मी रेतीच्या ढिगावर चढून भाऊंचा भाता हाताने बंद केला. मालकाच्या पेटीला हात लावणारी मी पहिलीच नोकर असेन. नोकरी गेली नाही. उलट भाऊ मजुरांना हात जोडून परत घेऊन आले, "चूक माझी होती, ही मधली भैरवी होती," असं सांगून.

आता मूळ गोष्टीवर येते. भाऊ सहा वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्यांना वाढवलं ते आत्याने. बालविधवा, परत माहेरी आलेली. परळला तिने गिरणीतल्या लोकांची खानावळ चालवली आणि त्यावर भावाचा संसार उभा केला. भाऊंच्या घरी ती अजून स्वयंपाकघराची मालकीण होती. स्लॅबच्या दिवशी सगळ्या मजुरांसाठी शिऱ्याचं पातेलं तिचंच यायचं, आणि माझ्यासाठी वेगळ्या डब्यात बांगड्याचं तिखलं. "चेडवा, उन्हात उभी रवून वाळून गेलंस," म्हणायची.

तिला सगळे भिकूआत्या म्हणायचे. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. अशा घरात नंतरच्या मुलाला मुद्दाम वाईट नाव ठेवायची रीत होती, म्हणजे यमाने नाव ऐकून नाक मुरडावं आणि पुढे जावं. म्हणून ही भिकी. यमाने खरंच नाक मुरडलं, कारण आत्या आता ऐंशी ओलांडत होती आणि भाऊ तिचं सहस्रचंद्रदर्शन थाटात करणार होते.

"कुंदा," भाऊंनी मला एक दिवस समोर बसवलं, "चारकोपच्या बाजूच्या प्लॉटवर भिकूबाई सदन बांधायचं. आत्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी पाटीचं उद्घाटन तिच्या हातून. तोपर्यंत तिला पत्ता लागता कामा नये. बायकोच्या नावाची झाली, पोरींच्या नावाची झाली, जिने मला वाढवलं तिचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठेच नाही."

बोलताना त्यांचा आवाज भरून आला. मलाही भरून आलं. दळवींना मात्र घाम फुटला, कारण फ्लॅट त्यांना विकायचे होते.

बिल्डिंग बांधायची कशी, हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. तेव्हा आधी फ्लॅट बुक व्हायचे आणि लोकांच्या हप्त्यांवर मजले चढायचे. बुकिंग नाही तर मजला नाही. म्हणजे आत्याच्या दिवसापर्यंत पाटी लागायची तर आधी बिल्डिंग हवी, आणि बिल्डिंग व्हायची तर भिकूबाई या पत्त्यावर राहायला तयार माणसं हवीत.

पहिल्या रविवारी गिरगावातून एक बँकेतलं जोडपं आलं. नकाशा आवडला, हवा आवडली, हॉल येणार त्या बाजूचं कांदळवन आवडलं. मग बाईंनी बोर्ड वाचला.

"हे नाव तात्पुरतं आहे ना?"

"नाही, कायमचं," मी म्हटलं.

"अहो, पण आमची मुलगी लग्नाची आहे. मुलाकडचे पत्ता विचारतील, तेव्हा काय सांगायचं, भिकूबाईत राहतो?"

"त्यात काय," त्यांचे यजमान म्हणाले, "आपण नुसतं चारकोपला राहतो म्हणू."

"म्हणजे पत्ता लपवून लग्न जमवायचं?"

ते नवराबायको भांडत भांडत रिक्षात बसले. पुढचे कित्येक रविवार असेच गेले. कुणाला ऑफिसात सांगायची लाज वाटायची, कुणाला लेटरहेडची काळजी. एकाने विचारलं, "इथे आधी भिकाऱ्यांची वस्ती होती का?" मी त्याला चहा न देताच वाटेला लावला. तोवर मीसुद्धा या नावासाठी पदर खोचला होता.

दळवींनी हळूच सुचवलं, "भाऊ, नुसतं बी. बी. सदन लिहिलं तर? दिसायलाही मॉडर्न."

"चालेल," भाऊ म्हणाले. "एका अटीवर. आजपासून तुझ्या बापाचं नावसुद्धा तू नुसत्या आद्याक्षराने घ्यायचंस."

दळवी गप्प बसले. कामही गप्प बसलं. तळमजल्याच्या वर नुसत्या सळया उभ्या होत्या आणि त्यांवर कावळे बसायचे. भाऊ संध्याकाळी येऊन त्या सळयांकडे बघत राहायचे. पेटीसुद्धा वाजवेनात. आत्या मात्र घरी विचारायची, "भावड्या, तुझी नवी बिल्डिंग कित्याक अडली रे?" आणि भाऊ म्हणायचे, "सिमेंट नाय गो मिळत."

मग एका रविवारी दगडू मोहिते आले. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला घाटकोपरला, बसच्या डेपोत टाइमकीपर. सोबत बायको. त्यांनी बोर्डासमोर उभं राहून नाव मोठ्याने वाचलं आणि ते दिलखुलास हसले. मी भांडायच्या तयारीनेच पुढे झाले.

"हसू नका. आमच्या भाऊंच्या आत्याचं नाव आहे."

"अहो बाई, मी आनंदानं हसतोय. माझं नाव दगडू, हिचं धोंडाबाई. आजवर जिथं गेलो तिथं आधी लोकांनी हसून घेतलं. ही पहिली बिल्डिंग बघतोय जी आम्हाला हसायच्या लायकीची नाही. दुसऱ्या मजल्यावरचा द्या."

भाऊंनी त्यांना मिठीच मारली. दगडूरावांनी पुढे जे केलं ते दळवींना दहा जाहिरातींत जमलं नसतं. त्यांना या नावांच्या लोकांची एक आख्खी बिरादरीच ठाऊक होती. पुढच्या रविवारी केरू शिंदे आले, मग धोंडीराम, मग एक गृहस्थ ज्यांचं कागदोपत्री नाव उकिरडा होतं आणि ते सरकारी खात्यात चांगले मोठे साहेब होते. "इथे पाटीवर पूर्ण नाव लावीन," ते म्हणाले. "आत्ताच्या सोसायटीत यू. टी. लिहावं लागतं." मजले चढू लागले. भाऊंनी पेटी बाहेर काढली. दगडूराव स्लॅबला येऊन बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे, "नावात आपण काही कमी नाही, दादा."

आत्याच्या दिवसापर्यंत बिल्डिंग झाली. रंगाचा वास येत होता आणि जिन्याच्या कठड्याला हात लावला की हात निळा होत होता, पण झाली. गेटच्या कमानीवर यल्लप्पाने स्वतःच्या हाताने सिमेंटची अक्षरं बसवली होती. वर पिवळी चादर, चादरीला दोरी. मांडवात सगळे दगडू, धोंडू, केरू सहकुटुंब बसलेले, त्यांना त्याच दिवशी किल्ल्या मिळणार होत्या. आत्या नवीन इरकल नेसून मधल्या खुर्चीवर. तिचं ओवाळणं झालं, मग भाऊंनी तिच्या हातात दोरी दिली. तिने ओढली. चादर खाली आली, ती थेट दळवींच्या डोक्यावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याला वाचता येत नव्हतं. मी शेजारीच उभी होते.

"गो कुंदा, थंय काय लिवलाहा?"

"तुमचं नाव, आत्या. भिकूबाई सदन."

मला वाटलं ती रडेल, भाऊंच्या तोंडावरून हात फिरवेल. तिने अक्षरांकडे पाहिलं, मग भाऊंकडे.

"ह्या नाव कोणी घातला?"

"मी घातलंय, आत्ये," भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे आधीच पाणावलेले. "तुझ्या नावाची बिल्डिंग ही."

"काढ ता."

"काढ म्हणजे?"

"काढ म्हणजे काढ. जलमभर भिकी भिकी ऐकलंय. आता सिमेंटात नको माका."

मांडवात कुणी हलेना. चादरीखालून दळवीसुद्धा बाहेर येईनात. या नावापायी गिऱ्हाइकांशी भांडलेली मी, सळयांवरचे कावळे मोजत बसलेले भाऊ, आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिलो. सगळ्या बोरिवलीला विचारलं होतं की हे नाव चालेल का. फक्त आत्याला विचारायचं राहिलं होतं.

"आत्ये, अगो पण मी तुका जन्मापासून ह्याच नावान हाक मारतंय," भाऊ कसेबसे म्हणाले.

"तू पोर होतंस. तुका काय सांगूचा?"

आता दगडूराव उठले. हात जोडून पुढे आले. "आत्या, असं करू नका. आम्ही या नावाच्या जिवावर घरं घेतली. या नावाचा आम्हाला अभिमान आहे."

आत्याने त्यांना नीट न्याहाळलं. "तुझा नाव काय रे?"

"दगडू."

"आवडता तुका?"

दगडूरावांनी तोंड उघडलं. वर्षभर त्यांनी या विषयावर भाषणं ठोकली होती. ते मागे वळून आपल्या लोकांकडे बघायला लागले. केरू शिंदे चपलेकडे बघत होते. साहेब चष्मा पुसत होते.

"नाही आवडत," दगडूराव म्हणाले. "शाळेत लई मार खाल्लाय त्यापायी."

"मला बी नाही," मागून धोंडाबाई म्हणाल्या, आणि बायकांमध्ये हशा पिकला. आत्याही हसली. तिने धोंडाबाईंना जवळ बोलावून घेतलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

भाऊ तिच्या पायाशी बसले. एवढा दांडगा माणूस, पण तेव्हा अगदी शाळकरी दिसत होता. "मग काय नाव घालू, आत्ये? तू सांगशील ता."

आत्याने पदर सारखा केला, आणि ऐंशी वर्षांची ती बाई आमच्या देखत लाजली. "माझा एक नाव होता," ती म्हणाली. "लग्नात घातलेला."

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत आम्हा सगळ्यांना माहीत. भिकूआत्याचंही कुणीतरी असं नाव लिहिलं असेल, हे मात्र एवढ्या मोठ्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिचं लग्न नवव्या वर्षी झालं. नवरा तिच्याहून थोडा मोठा. त्यालाही लिहिता येत नव्हतं, म्हणून भटाने त्याचा हात धरून तांदळात अक्षरं काढली. "अंगठी तांदळात पडली नि गावना," ती सांगत होती, "सगळे हसाक लागले. तोय हसलो." सासरी थोडे महिने ती त्या नावाने वावरली. सासू त्या नावाने हाक मारायची. मग नवरा तापाने गेला आणि हिला माहेरी आणून सोडलं. माहेरी ती पुन्हा भिकी. "नाव थंयच रवला," ती म्हणाली.



ते नाव तिला सगळ्यांसमोर घेता येईना. मला खाली वाकवून तिने कानात सांगितलं. मी भाऊंच्या कानात सांगितलं. भाऊंनी यल्लप्पाला हाक मारली आणि तो छिन्नी-हातोडा घेऊन शिडीवर चढला. ज्याने अक्षरं बसवली होती त्यालाच ती फोडायला लागत होती, पण तो कुरकुरला नाही. केरू शिंद्यांनी शिडी धरली. अक्षरं एकेक करून खाली पडत होती आणि आत्या मान वर करून शेवटचं पडेपर्यंत बघत होती. मांडवातल्या कुणीच जेवणाची घाई केली नाही.

कमान कोरी झाल्यावर भाऊ उठून तिच्यासमोर उभे राहिले.

"सत्यभामा आत्ये," त्यांनी हाक मारली.

ती मागे वळून बायकांमध्ये बघायला लागली, कुणाला बोलावतोय म्हणून. धोंडाबाईंनी तिच्या हाताला हात लावून म्हटलं, "आत्या, तुम्हालाच."

आत्या सावकाश समोर वळली. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"परत एकदा हाक मार," ती म्हणाली.